दोष यंत्रात की अंगठ्यात

७ डिसेंबर

आजचा अख्खा दिवस टेबलावर, रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरचं सेटिंग करत. आधी मोटारीच्या तिन्ही वायरी सोडवल्या, मगच बॅटरी जोडली. काम करताना थ्रॉटलला, म्हणजे मोटार चालवणाऱ्या रिमोटवरच्या काडीला, धक्का लागला तर पाती थेट पोटाशी फिरतील. पाती कार्बन फायबरची, ३२५ मिलिमीटर लांब. या मापाच्या हेलिकॉप्टरला ४५० म्हणतात. बॅटरीसकट वजन पाऊण किलोच्या आसपास.

थ्रॉटलची काडी मधोमध ठेवली की तिन्ही सर्व्होंचे (रिमोटच्या हुकमानं हलणाऱ्या छोट्या मोटारींचे) आर्म काटकोनात हवेत, स्वॉशप्लेट (सर्व्होंची हालचाल पात्यांपर्यंत पोचवणारी तबकडी) मुख्य शाफ्टला काटकोनात हवी आणि पात्यांचा पिच, म्हणजे कोन, शून्य हवा. एका सर्व्होचा आर्म खाचांमुळे काटकोनाच्या जरा अलीकडे तरी बसत होता, नाहीतर पलीकडे. तेवढ्यासाठी रिमोटमधून सबट्रिम, म्हणजे मधल्या जागेची बारीक दुरुस्ती, दिला. बाकी सगळं लिंक, म्हणजे आट्यांच्या जोडदांड्या, फिरवून, अर्धा-अर्धा आटा. शेवटी पिच गेज लावून पाहिलं: वर दहा अंश, खाली दहा अंश.

पिनियन, म्हणजे मोटारीचा छोटा गिअर, आणि मोठा गिअर यांच्यात कागदाची पट्टी घालून मोटार दाबून आवळली आणि पट्टी काढून घेतली. झाला बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, सेट. ही युक्ती मैदानावर हेलिकॉप्टर उडवणाऱ्या पोरांनाही माहीत होती याचं बरं वाटलं. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं लॉकटाइट, स्क्रू ढिला होऊ नये म्हणून. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्यांना नाही.

नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली, त्यामुळे हा भाग मला उडवण्याइतकाच आवडतो. कदाचित जास्तच.

१३ डिसेंबर

पात्यांचं वजन केलं. ऑनलाइन मागवलेला सराफी काटा आज आला. ही म्हणाली, "सोनं घेतलंत की काय?" दोन पात्यांत अष्टमांश ग्रॅमचा फरक निघाला. हलक्या पात्याला पारदर्शक टेप लावली. पण नुसतं वजन जुळून भागत नाही, दोन्हींचा तोल एकाच जागी यावा लागतो. म्हणून आधी पट्टीच्या धारेवर आडवी ठेवून तोलाचे बिंदू पाहिले, मग टेप कुठे लावायची ते ठरवलं.

एवढा आटापिटा कशासाठी, ते हिशेब केल्यावर कळतं. मिनिटाला अडीच हजार फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर धावतं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. त्याचं यंत्र माझ्यापेक्षा बरंच मोठं होतं आणि तो नवशिका नव्हता. घरात ही हकीकत सांगितली नाही. मात्र मोटार बंद ठेवणारं थ्रॉटल होल्डचं बटण बोटाला न बघता सापडेपर्यंत मोटारीच्या वायरी जोडायच्या नाहीत, असं ठरवलं.

२१ डिसेंबर

तळेगावच्या पुढे एका ओळखीच्या माणसाची पडीक जमीन आहे. जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा पाहिला. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेलसाठी वेगळी व्याख्या आहे: २५ किलोपर्यंतचं, हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. पण तेवढ्यानं नकाशा पाहणं सुटत नाही. पुण्याच्या एका अंगाला लोहगावचं विमानतळ, दुसऱ्या अंगाला देहूरोडची लष्करी हद्द. गाडी कुठेही थांबवून उडवायला लागलं असं इथे चालत नाही.

पायांना आडव्या-उभ्या काड्या बांधल्या, टोकांना टेबलटेनिसचे चेंडू. दिसायला हास्यास्पद, पण कलंडत नाही. शेपटी माझ्याकडे, नाक समोर. हळूहळू रिमोटची काडी वर.

जमिनीपासून वीतभर उंचीवर हेलिकॉप्टर धड उभं राहत नाही. पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून पुन्हा त्यांच्याचकडे येते आणि यंत्र कधी इकडे, कधी तिकडे घसरतं. अंगठा लगेच ट्रिमकडे, म्हणजे काडीची मधली जागा सरकवणाऱ्या बटणाकडे, जातो. शेजारी उभा असलेला डिप्लोमाचा पोरगा ओरडला, "काका, ट्रिमला हात लावू नका! आधी डोक्याएवढं वर न्या."

वर नेलं. घसरण थांबली. बघतो तर हेलिकॉप्टर उजवीकडे किंचित कलून उभं! इतकी तासन्‌तास सपाट केलेली स्वॉशप्लेट आणि हे तिरकं. आटा फिरवावा असं मनात आलंच. पण घरी येऊन कागदावर बाण काढले आणि उलगडलं. मुख्य पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात. त्यामुळे हेलिकॉप्टरचं धड उलट दिशेला वळू बघतं. ते थोपवण्यासाठी शेपटीचा पंखा शेपटीला डावीकडे ढकलत राहतो. धडाचं वळणं थांबतं, पण तो डावीकडचा ढकला शिल्लक राहतो आणि सगळं यंत्रच डावीकडे सरकू लागतं. ते जागेवर धरायचं तर मुख्य पात्यांनी किंचित उजवीकडे झुकायलाच हवं. म्हणजे तो कल हा दोष नाही. तो काढायला गेलो असतो तर चांगली सेटिंग बिघडवून बसलो असतो.

टूलरूममध्ये तिरकं दिसलं की सरळ करायचं, हा हाताचा धर्मच होता. इथे आधी विचारावं लागतं की हे तिरकं आहे कशामुळे.

२८ डिसेंबर

आणखी एक तसंच. माझ्या हेलिकॉप्टरला फ्लायबार, म्हणजे पात्यांबरोबर फिरून तोल राखणारी दांडी, नाही. त्याचं काम तीन अक्षांचा जायरो, म्हणजे यंत्राचं वळणं ओळखून ते दुरुस्त करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, करतो. जमिनीवर उभं असताना काडी जरा धरून ठेवली की स्वॉशप्लेट हळूहळू त्या बाजूला कलत जाते आणि काडी सोडली तरी लगेच परतत नाही. जायरोला वाटतं, मी वळायला सांगतोय आणि यंत्र वळत नाहीये, म्हणून तो आणखी जोर लावतो. बिचाऱ्याला काय माहीत पाय जमिनीवर आहेत! शेपटीचा सर्व्होही असाच एका टोकाला जाऊन बसतो. यावर इलाज एकच. जमिनीवर काड्यांशी खेळायचं नाही आणि उचलायचं ते ठामपणे. रेंगाळत उचललं तर सुटताक्षणी त्या कललेल्या बाजूला झेप घेतं.

काय तपासायचं ते मात्र तपासलं. हेलिकॉप्टर हातात धरून नाक खाली केलं, तर स्वॉशप्लेट मागे कलली पाहिजे. कलली. नाक हातानं डावीकडे वळवलं, तर शेपटीच्या पात्यांनी नाक परत उजवीकडे आणण्यासाठी पिच बदलला पाहिजे. बदलला. या दोनपैकी एक जरी उलटं असतं तर हेलिकॉप्टर उचलताच आडवं.

११ जानेवारी

वारा. चहा पिऊन परत.

१८ जानेवारी

हॉवर, म्हणजे हवेत एका जागी उभं राहणं, हे तळहातावर काठी उभी धरण्यासारखं. काठी पडू लागल्याचं दिसल्यावर हात हलवला तर उशीर झालेला असतो, आणि उशीर झाला की माणूस जास्त हलवतो. माझं हेलिकॉप्टर वरखाली उसळत होतं ते यामुळेच. गव्हर्नर (मोटारीचे फेरे स्थिर ठेवणारा), बॅटरी, थ्रॉटल कर्व्ह (काडीच्या जागेनुसार मोटारीचा जोर ठरवणारं सेटिंग) या सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग डिप्लोमावाल्याच्या हातात रिमोट दिला, तर तेच यंत्र त्याच बॅटरीवर मुकाट्यानं उभं राहिलं. चांगली चाचणी आहे ही: दुसऱ्याच्या हातात देऊन बघायचं. अहंकाराला लागते, पण पाच मिनिटांत निकाल हाती येतो.

१ फेब्रुवारी

आज त्यानं आपलं जुनं फ्लायबारवालं हेलिकॉप्टर आणलं होतं. मुख्य पात्यांना काटकोनात एक दांडी, तिच्या टोकांना छोटे पंख. आमचा जायरो जे गणितानं करतो ते ही दांडी नुसत्या फिरण्यानं करते. फिरती वस्तू आपली पातळी सहजी सोडत नाही, त्यामुळे धड कललं तरी दांडी काही क्षण मूळच्याच पातळीत फिरत राहते आणि पात्यांचा पिच दुरुस्त करते.

संध्याकाळी वाचत बसलो. ही कल्पना खऱ्या हेलिकॉप्टरवरून मॉडेलवर आली असणार, असं मी धरून चाललो होतो. निघालं उलटं. अमेरिकेत आर्थर यंग नावाच्या माणसानं पेन्सिल्व्हेनियातल्या पाओली इथल्या एका जुन्या कोठारात वर्षानुवर्षं लहान मॉडेलंच बनवली आणि पडू दिली. स्थैर्य देणारी दांडी त्याला त्या मॉडेलांवर सापडली. १९४१ मध्ये तो बेल कंपनीत गेला तो विजेवर चालणारं, तारेनं नियंत्रित होणारं मॉडेल उडवून दाखवूनच. त्यातून पुढे बेल ४७ आलं आणि मार्च १९४६ मध्ये त्याला अमेरिकेत नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं, हेलिकॉप्टरांमध्ये पहिलं. दांडीच्या टोकाच्या पंखांची वाट स्टॅनली हिलर या दुसऱ्या अमेरिकनाची. मॉडेलवाल्यांनी पुढे दोघांचं एकत्र केलं. म्हणून त्या पोराच्या यंत्रावर दोन-दोन लिंकांची ती गुंतागुंत दिसते.

उत्पादनाचा ड्रॉइंग बोर्ड कुठेच नाही, कोठारात एक माणूस आणि मोडलेल्या पात्यांचा ढीग. तासभर हेच वाचत होतो, जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

१५ फेब्रुवारी

शेपटी वळवळायला लागली. झपझप, डावी-उजवी. हे अंगठ्याचं काम नव्हे, कारण इतक्या वेगानं माझा अंगठा हलूच शकत नाही! अशा वळवळीचं नेहमीचं कारण म्हणजे जायरोचा गेन, म्हणजे त्याच्या दुरुस्तीचा जोर, जास्त. कमी केला की थांबतं. पण आधी शेपटीच्या पात्यांचा पिच बदलणारा स्लायडर बोटानं सरकवून पाहिला, तर एका जागी अडखळत होता. बॉल लिंक घट्ट. लिंक सैल केली, स्लायडर लोण्यासारखा सरकू लागला आणि वळवळ निम्म्यावर आली. उरलेली गेन चार टक्क्यांनी उतरवून गेली. उलट क्रमानं केलं असतं तर गेन इतका उतरवावा लागला असता की वाऱ्याच्या झुळकीसरशी शेपटी वाहवली असती. वर वर गप्प बसलेला दोष आत तसाच राहिला असता.

८ मार्च

ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का ते पाहणं. एका पात्याच्या टोकाला लाल टेप, दुसऱ्याला निळी. डिप्लोमावाल्यानं हॉवर धरला, मी लांबून डोळ्यांच्या पातळीवर पाहिलं. लाल रेघ वर, निळी खाली. लाल पात्याची लिंक अर्धा आटा कमी. मग एकच जांभळट रेघ. धड शांत झालं आणि त्याबरोबर आवाजही बदलला, गुरगुर गेली.

२९ मार्च

नोज-इन. नाक माझ्याकडे. डावं म्हटलं की ते माझ्या उजवीकडे जातं, पुढे म्हटलं की अंगावर येतं. इथे सेटिंग कामाचं नाही, गेज कामाचं नाही. महिनाभर रोज रात्री संगणकावरच्या सिम्युलेटरवर हेच चाललंय. तिथे किती यंत्रं मातीत घातली याची मोजदाद ठेवलेली नाही.

डिप्लोमावाल्यानं एक युक्ती सांगितली: "काका, डावं-उजवं विसरा. जी बाजू पडतेय तिच्याखाली काडीचा टेकू द्या." म्हणजे यंत्र माझ्या डाव्या हाताला कललं तर काडीही डावीकडे. नाक माझ्याकडे असताना नेमकं हेच बरोबर असतं. डोक्यात पटलं लगेच. अंगठ्याला अजून पटायचंय. नोकरीत असताना पोरांना शिकवायचो की समजलं म्हणजे काम झालं. ते टूलरूमपुरतं खरं होतं बहुतेक.

आडवं, म्हणजे यंत्राची बाजू आपल्याकडे, हे आधी शिकावं असं माझं मत झालंय. सगळे शेपटीवरून थेट नाकावर उडी मारतात. मधला पाव वळसा पक्का केला तर नाक आपोआप जवळ येतं. पोरगा सहमत नाही.

१० मे

काडी पूर्वीपेक्षा वर ठेवावी लागतेय आणि बॅटरी लवकर बसतेय. मोटारीला हात लावून पाहिला, चटका बसला. बेअरिंग फिरवून पाहिलं, मोकळं. गिअरमध्ये काही अडकलं नव्हतं. मग हवेकडे वळलो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यात चाळीस अंश. डिसेंबरातल्या दहा अंशांच्या पहाटेशी तुलना केली तर हवा साधारण दहा टक्के विरळ झालेली निघते. तेवढं वजन पेलायला पात्यांना जास्त पिच हवा, आणि तो ओढायला मोटारीला जास्त करंट. यंत्रही बरोबर, अंगठाही बरोबर. टायमर पाच मिनिटांवरून चारवर आणला, आणि यापुढे सकाळी सातलाच जायचं. बॅटऱ्या गाडीत ठेवणं बंद.

१४ जून

पाऊस लागला. बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून डब्यात ठेवल्या.

डिप्लोमावाला दुपारी घरी आला. त्याचं जुनं हेलिकॉप्टर हल्ली हॉवरमध्ये गोल गोल भरकटतं, शेपटीचा पंख धूसर दिसतो. परीक्षेमुळे सराव तुटला, हात गेला, असं स्वतःलाच बोल लावत होता. म्हटलं, काढ शाफ्ट. व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवला, बारीक फरक मोजणारा डायल लावला, फिरवला. काटा जवळजवळ दहा शतांश मिलिमीटर डुलला. नुसत्या डोळ्याला शाफ्ट अगदी सरळ दिसत होता. दोन्ही पाती धरणारा आडवा फेदरिंग शाफ्टही पाहिला, तोही वाकलेला. आधीच्या एखाद्या आदळण्यात दोन्ही गेले असणार आणि त्यानं एकही बदलला नसणार.

त्याला भलताच आनंद झाला. "तरीच काका! म्हणूनच आडवं धरायला जमत नव्हतं."

"ते वेगळं," म्हटलं. "ते शाफ्ट बदलून येणार नाही."