लाराचा जीर्णोद्धार

८ जुलै २०२२, शुक्रवार

चार दिवस झाले, पाऊस मान वर काढू देत नाही. दुकानात दिवसभरात तीन गिऱ्हाइकं आली, त्यातली दोन नुसती पाऊस चुकवायला. चारलाच शटर ओढलं, घरी आलो, पाय धुतले आणि नऊ वर्षं टाळलेली गोष्ट केली. २०१३चा 'टूम रेडर' हा कॉम्प्युटरवरचा खेळ लावला. सेलमध्ये स्वस्तात घेऊन ठेवलेला, तसाच पडून होता.

टाळण्याला कारण आमचं देऊळ. लहानपणी गावच्या देवळाला फणसाचे खांब होते, सारवलेली जमीन होती, गाभाऱ्यात तेलाचा आणि वटवाघळांचा मिळून एक वास होता. मग जीर्णोद्धार झाला. आता ग्रॅनाइट, स्टीलचे कठडे आणि देणगीदारांच्या नावांच्या फरशा. देव तोच, पण हात जोडताना पासबुक भरायला आल्यासारखं वाटतं. लाराचं, म्हणजे या खेळाच्या नायिकेचं, तसं झालेलं मला बघायचं नव्हतं.

खरं तर तिची एकदा डागडुजी होऊन गेली होती. १९९६ साली इंग्लंडातल्या डर्बीमध्ये कोअर डिझाइन या कंपनीनं तिला घडवलं. २००३च्या 'एंजल ऑफ डार्कनेस'ला समीक्षकांनी झोडपून काढलं आणि लारा अमेरिकेतल्या क्रिस्टल डायनॅमिक्सकडे गेली. २००६च्या 'लेजंड'मध्ये त्यांनी कौलं बदलली, भिंती रंगवल्या. २०१३ला मात्र थेट पाया खणला. एकवीस वर्षांची, नुकती शिकून बाहेर पडलेली, हातात अजून एकही पिस्तूल नसलेली लारा.

सुरुवात वादळानं. जपानच्या दक्षिणेच्या समुद्रात 'एन्ड्युरन्स' नावाचं जहाज मधोमध मोडतं. (अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकलटनच्या जहाजाचंही हेच नाव. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली तीन हजार मीटर खोल पडलेलं ते जहाज याच मार्चमध्ये सापडलं, पेपरात फोटो बघितला होता.) मग ती शुद्धीवर येते ती एका गुहेत, उलटी टांगलेली. झोके घेऊन बांधलेलं कापड पेटवायचं, की धाडकन खाली. खाली एक गज वर तोंड करून उभा. तो कुशीत घुसतो आणि तिच्याच हातानं उपसायचा.

मी बटण दाबत होतो आणि दात आवळून बसलो होतो. पहिल्या दहा मिनिटांत एवढा मार कुणी खाल्लेला बघवत नाही.

लाइट गेली. बॅटरी पन्नास मिनिटं. झोपतो.

१० जुलै, आषाढी

खिचडी खाऊन बसलो. आई पाठीमागे वाती वळत होती. नदीच्या लोंढ्यातून लाराला वाचवताना माझा अंदाज चुकला आणि एक सळई तिच्या गळ्यातून आरपार गेली. आईच्या हातातली वात तशीच राहिली.

"मेली काय रे ती?"

"नाय गो, परत येईल."

"उपासाच्या दिवशी हे काय बघतोस! तिच्या आवशीला म्हायत हाय काय, कुठे फिरत्ये ती?"

आवाज बंद केला. पण आईचं अगदीच चूक नव्हतं. पडली की लारा किती वाईट मरते हे हा खेळ जरा जास्तच हौसेनं दाखवतो. जुन्या खेळात कड्यावरून पडली की एक किंकाळी आणि हाड मोडल्याचा आवाज, बास. त्या आवाजानंच मी घाबरायचो.

जुन्या खेळाचं सांगायचं तर चिरेखाणीपासून सुरुवात करायला हवी. २००१च्या सुमारास रत्नागिरीत मारुती आळीच्या बाजूला एका सायबर कॅफेत 'टूम रेडर ३' टाकलेला होता. तासाला वीस रुपये. तो खेळ सुरूच भारतात होतो. जंगल, वाघ, आपल्याच औषधाच्या पेट्या पळवणारी माकडं, पुढे गंगा नदी आणि सहा हातांच्या मूर्ती, ज्या अचानक जिवंत होऊन तलवारी परजतात. आम्ही पोरं हसायचो, असलं जंगल भारतात कुठे आहे म्हणून. आणि घरी परत जाताना वाटेतली चिरेखाण दिसली की हसू बंद व्हायचं. ते हुबेहूब लाराचं जग होतं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी लिहितो. जांभ्याची खाण म्हणजे जमिनीत चौकोन कापत कापत उतरलेला खड्डा. भिंती सरळ, कडा काटकोनात, प्रत्येक पायरी एका मापाची. पावसाळ्यात तळाला हिरवं पाणी. जुना 'टूम रेडर' असाच चौकोनांचा रचलेला होता. उभ्यानं उडी मारली की एक चौकोन पार. धावत मारली की दोन. धावत मारून पलीकडची कड हातानं पकडली की तीन. पण धावायला जागा लागते, म्हणून कडेपर्यंत हळू चालत जायचं, मागे एक टुणकन उडी घ्यायची आणि मग सुटायचं. डोळ्यांनी चिरे मोजायचे, मनात हिशेब करायचा आणि हिशेब जमला की हवेत असतानाच समजायचं. त्या वेळी कॅफेत संगीत नसायचं, खेळातही बहुतेक वेळ नसायचं. लाराची पावलं आणि वरचा पंखा.

नव्या लाराला मोजावं लागत नाही. तिनं उडी मारली की कड आपणच पुढे येऊन तिचा हात धरते असं वाटतं. कुठे चढायचं तिथे पांढरा रंग फासून ठेवलाय. तरीही सापडलं नाही तर एक बटण दाबा, सगळं जग राखाडी होतं आणि कामाची वस्तू तेवढी पिवळी चमकते. 'सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट' म्हणतात त्याला. आमच्याकडे याला उत्तरपत्रिका म्हणतात.

११ जुलै

लाइट नाही. खेळ नाही. रात्री डासांनी फोडलं.

१३ जुलै, गुरुपौर्णिमा

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण परवा मी या खेळाला फार बोललो.

संकटाचा संदेश पाठवायला लाराला डोंगरमाथ्यावरच्या एका जुन्या रेडिओ मनोऱ्यावर चढायचं असतं. बर्फ पडतोय, वारा तिला कठड्यावरून उचलू बघतोय, शिड्या गंजलेल्या, पायाखालचं एकेक सुटत जातं. यात माझं कौशल्य काही नव्हतं, एक बटण पुढे दाबून ठेवायचं एवढंच. तरी हाताला घाम. कमिला लडिंग्टन या नटीनं लाराला आवाज दिलाय, आणि त्यातलं निम्मं काम धापा टाकण्याचं असावं. वर पोचल्यावर एकदम शांतता, खाली सगळं बेट आणि किनाऱ्याला लागलेली, मोडलेली, गंजलेली जहाजं. संदेश जातो. विमान येतं. आणि आभाळ क्षणात फिरतं, वीज पडते, विमान कोसळतं. 'यामाताई' नावाच्या या बेटावरून कुणाला जाऊच देत नाही असं ते वादळ. त्याची मालकीण हिमिको राणी. (ही राणी खरी. तिसऱ्या शतकातली, चिनी इतिहासग्रंथात तिची नोंद आहे. तिचं यामाताई राज्य क्यूशूत की नाराच्या बाजूला, यावर जपानी विद्वान अजून भांडतात. वादळं तेवढी खेळवाल्यांनी दिली.)

ती खालची जहाजं बघून मी माउस सोडून बसलो.

३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ आमच्या किनाऱ्याला घासून उत्तरेला गेलं, तेव्हा नांगरलेलं 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलं. दोन वर्षं झाली, अजून तिथेच आहे. सुरुवातीला सगळी रत्नागिरी बघायला लोटली होती, मीही गेलो होतो. आता पर्यटक फोटो काढतात आणि गंज दर पावसाळ्यात थोडा पुढे सरकतो. एवढं मोठं लोखंड जमिनीशेजारी असं तिरकं उभं राहिलं की डोळ्यांना मापच कळत नाही. खेळात बरोबर तसंच वाटलं. हे चित्र काढणाऱ्यांपैकी कुणीतरी रुतलेल्या जहाजाखाली उभं राहिलं असणार, अशी माझी खात्री आहे.

आम्ही रत्नागिरीवाले थोडक्यात वाचलो. मावशी दापोलीच्या मुरुडची. वादळानंतर तिच्याकडे पोचलो तेव्हा वाडीतल्या पोफळी सगळ्या एकाच दिशेला आडव्या, कुणी फणी फिरवल्यासारख्या. वाडीत उभं राहून समुद्र दिसत होता. पूर्वी कधीच दिसला नव्हता. काका म्हणाले, "बघ, फुकटात सी-व्ह्यू झाला." आणि तोंड फिरवून कौलं गोळा करायला लागले. महिन्याच्या वर वीज नव्हती. पंप बंद म्हणून रहाटाचं पाणी, रॉकेल शोधत फिरणं, कुणाच्या तरी जनरेटरवर मोबाइल चार्ज करायला रांग. उडालेले पत्रे कुणाचे कुठे गेले होते ते ओळखून एकमेकांना परत द्यायचे, वाकलेले ठोकून सरळ करायचे.

लाराही बेटावर भंगार गोळा करते. पेट्या फोडायच्या, लोखंडाचे तुकडे जमवायचे, शेकोटीशी बसून धनुष्य आणि बर्फ फोडायची कुऱ्हाड सुधारून घ्यायची. हे मला मनापासून आवडलं. पण भूक? सुरुवातीला तिला एक हरीण मारायला लावतात, बाण लागल्यावर ती त्याला 'सॉरी' म्हणते. त्यानंतर अख्ख्या खेळात तिला भूक लागत नाही. जगणं जगणं म्हणून एवढा धोशा लावायचा आणि जेवणाचा विषय एकदाच काढायचा! मावशीकडे तर त्या महिनाभर दुसरा विषयच नव्हता.

१७ जुलै, रविवार

संपवला. ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचं वाचू नये.

शेवटचे दोन दिवस भाची शेजारी होती. शाळेला पावसाची सुट्टी मिळाली आणि ती मामाकडे आली. नववीत आहे, मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळते, त्यामुळे तिचं मत तज्ज्ञाचं. लारा पहिल्यांदा माणूस मारते तो भाग मी तिला मुद्दाम पुन्हा लावून दाखवला. झटापट होते, पिस्तूल सुटतं, ती रडते, थरथरते. रिआना प्रॅचेट या लेखिकेनं ते फार जपून लिहिलंय.

"आणि मग?" भाची.

मग काय, पाचच मिनिटांत ती डोक्यात गोळ्या घालत सुटते आणि प्रत्येक मढ्यामागे गुण मिळतात.

"मग रडली कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. खेळाकडेही नाही.

दुसरी तक्रार थडग्यांची. नावात 'टूम' म्हणजे थडगं आहे आणि थडगी अख्ख्या बेटावर सात, तीही वाटेवरून बाजूला, नाही गेलात तरी चालतं. एकेक दहा-पंधरा मिनिटांचं. पण त्यातलं एक, वाऱ्याचं, फार सुंदर आहे. वाऱ्याचा झोत कधी येतो ते बघून, वेळ साधून हलायचं. तिथे मला तो पिवळा चष्मा लावावासा वाटला नाही. वीस मिनिटं नुसता उभा राहून झोत मोजत होतो. जुन्या देवळाचा एक फणसाचा खांब त्यांनी नव्या गाभाऱ्यामागे तसाच ठेवला असावा, तसं काहीतरी.

आणि शेवट. अख्खा खेळ धनुष्य, बंदूक, कुऱ्हाड यांवर काढल्यावर अगदी शेवटच्या माणसासमोर लाराच्या दोन्ही हातांत पिस्तुलं येतात, जुन्या लारासारखी. दोनच क्षण. मी खुर्चीतून उठलो. भाचीला कळेना काय झालं.

म्हणून तिला 'टूम रेडर ३' लावून दिला. जुनी सीडी कॉपी करून ठेवलेली, कशीबशी चालते. आधी ती लाराचं त्रिकोणी नाक बघून हसली. मग म्हणाली, "मामा, ही ट्रकसारखी वळते." मग सात वेळा काट्यांवर पडली. आठव्या वेळेला गप्प झाली. बाहेर पागोळ्या चालू होत्या. तिनं लाराला कडेपर्यंत हळू चालवत नेलं, थांबली, पडद्यावर बोट ठेवलं आणि समोरच्या खड्ड्यावर एक, दोन असं पुटपुटत गेली.

"मामा, तीन आहेत. पकडायला लागेल ना?"

मी काहीच बोललो नाही. तिनं मागे एक टुणकन उडी घेतली.