अंगठ्यापासून की मनगटापासून?

(माजी विद्यार्थी, दहावी मार्च १९८३)

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेतून कळवलं तेव्हा कोणावर लिहायचं हे माझं त्याच क्षणी ठरलं. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांचं नाव आपल्या शाळेच्या हजेरीपटावर कधी नव्हतं आणि शाळेच्या पायरीवर त्यांचं पाऊलही कधी पडलं नाही. तरी १९८० ते ८३ या काळात मैदानाच्या कोपऱ्यातल्या चिंचेखाली जे नाव रोज घेतलं जायचं, ते त्यांचं होतं. कौर सिंग. लष्करातले जवान, हेवीवेट गटातले मुष्टियोद्धे, १९८२ च्या दिल्ली एशियाडचे सुवर्णपदक विजेते. २७ एप्रिल २०२३ रोजी कुरुक्षेत्रच्या एका रुग्णालयात ते गेले. वय ७४.

ते नाव आमच्यापर्यंत आणलं आमच्या पी.टी.च्या सरांनी. नाव छापू नकोस, असं सरांनी मला बजावून सांगितलंय, म्हणून इथे नुसतं सर. त्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नकोच. सर सैन्यातून निवृत्त होऊन शाळेत आले होते. आम्ही बहुतेक मुलं खडकीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची. सकाळचा भोंगा झाला की वडील सायकल काढायचे आणि आम्ही दप्तर उचलायचो. घरात लंगडी, कबड्डी, फार तर तालमीतली कुस्ती माहीत. बॉक्सिंग म्हणजे लष्करातल्या लोकांचा खेळ, भिंतीपलीकडचा.

सरांनी तो भिंतीच्या अलीकडे आणला, आणि तोही जवळजवळ काहीच हाताशी नसताना. बॉक्सिंगच्या हातमोज्यांचे जोड दोन, मुलं चौदा. गोणपाटात लाकडाचा भुसा ठासून भरून ते पोतं चिंचेच्या फांदीला टांगलेलं. पावसाळ्यात भुसा भिजला की पोतं दगडासारखं व्हायचं, मग सर ते सोडवून व्हरांड्यात वाळत घालायचे. रिंग म्हणजे चुन्याच्या फक्कीनं आखलेला सोळा फुटी चौकोन. हाताला बांधायच्या पट्ट्या विकत आणायला पैसे नव्हते, म्हणून सरांनी प्रत्येकाला घरून जुनं लुगडं आणायला सांगितलं. माझ्या आजीच्या विरलेल्या नऊवारीच्या पट्ट्या सरांनी स्वतः फाडल्या. त्यांच्या कडेला हिरव्या काठाचे धागे लोंबत असायचे.

पट्टी बांधणं हा सरांच्या लेखी अर्धा खेळ होता. बोटं पसरून हात पुढे करायचा. पट्टीचं एक टोक अंगठ्याला अडकवायचं, तिथून मनगटावर तीन वेढे, मग तळहाताच्या मागच्या बाजूनं तिरकं वर, मुठीच्या गाठींवर तीन वेढे, मग बोटांच्या मधून एकेकदा, आणि शेवटी परत मनगटावर येऊन गाठ. बांधून झालं की सर मूठ वळायला लावायचे आणि आपला अंगठा गाठींवर दाबून पाहायचे. सैल वाटली की सगळी सोडायची. एकदा माझी पट्टी त्यांनी पाच वेळा सोडायला लावली. तास संपला, घंटा झाली, त्या दिवशी मी पोत्याला हातसुद्धा लावला नाही.

जानेवारी १९८०. आम्ही सातवीत होतो. सर वर्तमानपत्र घेऊनच मैदानात आले. दिल्लीत २७ जानेवारीला महंमद अली खेळून गेला होता, आणि त्याच्यासमोर चार फेऱ्या उभा राहिला होता आपला एक जवान. महंमद अली हे नाव आम्हालाही ठाऊक होतं. दुसरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी ते खडूनं फळ्यावर लिहिलं. कोणीतरी विचारलं, "सर, जिंकलं कोण?" सर म्हणाले, "प्रदर्शनीय सामना होता तो. त्यात हारजीत नसते. अलीनं रिटायर व्हायची घोषणा केलीय आधीच. पण समोर तो उभा असताना हात वर ठेवून चार फेऱ्या काढायच्या, हे करून बघा."

मग त्यांनी आम्हाला खरंच करून बघायला लावलं. मोजे नाहीत, समोर कोणी नाही. नुसते दोन्ही हात हनुवटीपाशी, कोपरं बरगडीला लागलेली, आणि सरांच्या हातात घड्याळ. दुसऱ्या मिनिटाला खांदे पेटले. तिसऱ्या मिनिटाला निम्मी मुलं हात खाली सोडून उभी होती. "ही एक फेरी झाली," सर म्हणाले.

पुढे सर कुठून कुठून त्यांची माहिती जमवत राहिले. लष्करातले जुने ओळखीचे होतेच. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातलं खनाल खुर्द हे कौर सिंग यांचं गाव. सरांचं स्वतःचं गावही खुर्द. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं असली की धाकटं खुर्द आणि थोरलं बुद्रुक, आणि खुर्दातल्या माणसाला बुद्रुकवाले जरा कमीच लेखतात. तिकडे पंजाबातही खुर्द असतं, याचा सरांना केवढा आनंद झाला होता! कौर सिंग शेतकऱ्याचे, थोडी जमीन असलेल्या घरातले. १९७१ साली तेविसाव्या वर्षी ते सैन्यात गेले. बॉक्सिंग सुरू केलं १९७७ मध्ये, म्हणजे तिशीला टेकल्यावर. त्या वयात इतर मुष्टियोद्धे मोजे खुंटीला टांगतात. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले आणि पुढची काही वर्षं ते पद त्यांनी कोणाला घेऊ दिलं नाही.

हे तिशीचं गणित मला नीट कळलं ते नववीत. मधल्या सुट्टीत एका मुलाशी भांडण झालं आणि मी त्याला मारलं. मैदानात शिकलेला ठोसा मैदानाबाहेर वापरला. त्याच्या ओठातून रक्त आलं. सरांनी मला मारलं नाही, मुख्याध्यापकांकडेही नेलं नाही. माझ्या पट्ट्या काढून घेतल्या आणि एक महिना पोतं धरून उभं राहायला सांगितलं. पोतं हलू नये म्हणून एकानं त्याला मागून छाती लावून धरायचं असतं. समोरचा मारतो तो प्रत्येक ठोसा भुशातून आरपार तुमच्या छातीत येतो. कोणाचा हात हलका, कोण रागानं मारतोय, कोण दमलाय, सगळं डोळे मिटून कळतं. ज्या मुलाला मी मारलं होतं, त्यालाही सरांनी तिसऱ्या दिवशी मोजे घालून पोत्यासमोर उभं केलं. पोतं मीच धरलं होतं. तो जीव खाऊन मारत होता आणि मी धरून होतो.

आठवड्यानं मी सरांना विचारलं, माझं कधी सुरू होणार. ते म्हणाले, "त्या माणसानं मोजे घालायला तिसाव्या वर्षापर्यंत वाट पाहिली. तुला महिना जड जातोय?"

१९८० मध्येच आशियाई मुष्टियुद्ध स्पर्धा मुंबईत झाली. सर रजा टाकून पहाटेच्या गाडीनं गेले. परत आले ते घसा बसवूनच. कौर सिंग यांनी तिथे सुवर्ण जिंकलं होतं. आम्ही गराडा घातला. कसे दिसतात, किती उंच, कसा मारला? सर म्हणाले, "मागच्या रांगेत होतो रे, तोंड नीट दिसलं नाही. मी पाय बघत होतो." आणि त्यांनी फक्कीच्या चौकोनात उतरून ते पाय आम्हाला करून दाखवले. एवढा जड गडी, पण टाच जमिनीला टेकत नव्हती. चाळिशी ओलांडलेले आमचे सर, पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट, चवड्यांवर डाव्या अंगानं सरकतायत, आणि चुना हलकेच उडतोय. हे मला आज इतकं स्पष्ट दिसतं की त्या मुंबईच्या सामन्याला मी स्वतः हजर होतो असंच वाटतं.

मग आलं एशियाड. नोव्हेंबर १९८२, आमचं दहावीचं वर्ष. कॉलनीच्या क्लबात एक टीव्ही होता, त्याच्यासमोर सतरंजी. घरी अभ्यासाचा धाक होता, तरी आम्ही जायचोच. त्या स्पर्धेतला हॉकीचा अंतिम सामना आमच्या वयाचं कोणी विसरणार नाही. पाकिस्तानकडून सात-एक. क्लबातली मोठी माणसं त्या रात्री न बोलता चपला शोधत होती. कुस्तीत सतपाल यांनी सुवर्ण जिंकलं, त्याचं मात्र खडकीत भरपूर कौतुक झालं. सतपाल महाराष्ट्राच्या ओळखीचे होते. बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदारांनी त्यांना हरवलेली कुस्ती वडीलमाणसं अजून रंगवून सांगत. कौर सिंग मात्र कोणाला ठाऊक नव्हते. त्यांचं पदक जाहीर झालं तेव्हा क्लबात ज्यांना आनंद झाला ते आम्ही चौदा जण आणि सर. जन गण मन सुरू झालं, सर सतरंजीवरून उठून सावधानमध्ये उभे राहिले. मग क्लब सगळा उभा राहिला.

त्या वर्षी कौर सिंग यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, १९८३ मध्ये पद्मश्री. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही ते उतरले. एशियाडच्या मुष्टियुद्धात त्यांच्याआधी हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० असं दोनदा सुवर्ण आणलं होतं. कौर सिंग यांच्यानंतर पुढचं सुवर्ण आलं ते थेट १९९८ मध्ये, बँकॉकला, मणिपूरच्या डिंको सिंग यांचं. मधे सोळा वर्षं गेली. डिंको जिंकले त्या रात्री मी सरांना फोन केला होता. ते म्हणाले, "आता कौर सिंगांना झोप लागेल."

मी पुढे शिकलो, नोकरीला लागलो, पुण्यातच राहिलो. जिल्हा पातळीपलीकडे मी खेळलो नाही. पण सरांकडे जाणं सुटलं नाही.

२०१७ च्या डिसेंबरात एक बातमी वाचली आणि ती घेऊन मी सरांच्या घरी गेलो. हृदयाच्या उपचारासाठी कौर सिंग यांनी खासगी सावकाराकडून दोन लाखांचं कर्ज घेतलं होतं. एशियाडनंतर पंजाब सरकारनं त्यांना एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं होतं, ते पस्तीस वर्षं त्यांच्या हातात पडलं नव्हतं. ज्या माणसाच्या छातीवर देशानं पद्मश्री लावली, त्यानं गावात शेती करायची आणि औषधासाठी व्याजानं पैसे काढायचे, हे मला तेव्हा सहन झालं नाही आणि आजही होत नाही. खेळाडू रिंगमध्ये असतो तोवर सगळा देश त्याच्या कोपऱ्यात उभा असतो. तो खाली उतरला की त्याचं पोतं धरायला कोणी नसतं. बातमीनंतर लष्करानं तीन लाख आणि केंद्रीय क्रीडा खात्यानं पाच लाख दिले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण आधी बातमी व्हावी लागली.

सरांनी कात्रण दोनदा वाचलं. मी म्हटलं, आम्ही चौदा जण मिळून काही पाठवू. सर म्हणाले, "पैसे लष्करानं दिलेत. आपण पत्र पाठवू. लिही." आणि त्यांनी मला त्यांच्या सैन्यातल्या हिंदीत पत्र सांगितलं. मी ते कागदाच्या पाठीवर घाईघाईत उतरवलं. अक्षर चांगलं नव्हतं, म्हणून नीट उतरवून टाकतो, असं सांगून घरी आणलं.

ते टाकलं नाही. कामं निघाली, मग करोना आला, सरांचं आजारपण झालं. कागद माझ्या कपाटात फायलीत होता आणि तो तिथे आहे हे मला रोज माहीत होतं. याला दुसरं कोणतंही कारण मी देणार नाही.

२०२३ मध्ये पंजाबच्या शाळांच्या नववी-दहावीच्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत त्यांच्यावर धडा घ्यायचं ठरलं. मिल्खा सिंग, बलबीर सिंग सीनियर आणि गुरबचन सिंग रंधावा यांच्याबरोबर कौर सिंग. हे वाचून मी ठरवलं, आता पत्र टाकायचंच. आणि मग त्या एप्रिलमध्ये ते गेल्याची बातमी आली.

मी सरांकडे गेलो. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, वय पंच्याऐंशी. मी जवळ बसून सांगितलं. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाले, "पत्र मिळालं होतं का त्यांना?" मी खरं सांगितलं. सर माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, मूठ वळायला लावली आणि गाठींवर अंगठा दाबून पाहिला.

शाळेच्या या अंकात ते पत्र यावं, एवढीच त्यांची इच्छा आहे. मूळ हिंदी मी मराठीत दिलंय, बाकी एक शब्द बदललेला नाही.

"कौर सिंग साहेब, जय हिंद. तुम्ही मला ओळखत नाही. मी खडकी, पुणे इथला. सैन्यात होतो, नंतर शाळेत मुलांना पी.टी. शिकवली. सन ८० ला मुंबईत तुमची लढत मागच्या रांगेतून पाहिली. तुमची तब्येत बरी नाही असं पेपरात वाचलं. काळजी घ्या, गोळ्या वेळेवर घ्या. तुमचं नाव सांगून मी पुष्कळ मुलांना पट्टी बांधायला शिकवली. मुलं चांगली निघाली. त्यातलाच एक हे पत्र लिहितोय. एक गोष्ट विचारायची राहिली होती. तुम्ही पट्टी अंगठ्यापासून सुरू करायचात की मनगटापासून? आमच्या युनिटात यावरून दोन तट होते. मी मुलांना अंगठ्यापासून शिकवलं. चुकलं असेल तर कळवा, अजून सांगता येईल त्यांना."