दोन-चार-पाच-तीन

लेस्टरशरमधल्या आमच्या खेड्यात राहायला आल्यावर पहिले दोन महिने मी गुरुवारची संध्याकाळ खिडक्या लावून काढली. समोरच्या चर्चच्या मनोऱ्यात साडेसातला घंटा सुरू व्हायच्या त्या नऊपर्यंत. सूर म्हणावा तर नाही, गोंगाट म्हणावा तर तोही नाही. मग जानेवारी २०२३ मध्ये वाचनालयात एक कागद चिकटवलेला दिसला: मे महिन्यात राजाचा राज्याभिषेक आहे, घंटा वाजवायला माणसं कमी पडताहेत, या, शिकवू. म्हटलं, जो आवाज टळत नाही तो निदान काय आहे ते तरी कळू दे.

"मी हिंदू आहे, चालेल ना?" मी विचारलं. टॉवर कॅप्टन, म्हणजे घंटा वाजवणाऱ्या चमूच्या प्रमुख, सत्तरीच्या एक बाई. त्यांनी उलट विचारलं, "गुरुवारी वेळेवर येशील ना?" संपली मुलाखत. (पुढे कळलं, आमच्यातले तिघं रविवारी घंटा वाजवून प्रार्थना सुरू व्हायच्या आत घरी पळतात.) त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेपर्यंत उन्हाळा उजाडला.

आपल्याकडे घंटा टांगलेली असते, लोळा हलवला की वाजते. इथे घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते आणि वाजवण्याआधी ती उलटी, तोंड आकाशाकडे करून उभी केलेली असते. दोर ओढला की ती तोल सोडते, खाली येते, पूर्ण गोल फिरून पुन्हा तोंड वर करून थांबते आणि त्या एका फेरीत एकदाच वाजते. पुढच्या ओढीला उलट्या दिशेने परत. माझी घंटा सहांतली सर्वांत लहान, ट्रेबल. तिचंही वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास.

पहिल्या दिवशी बाईंनी दोराचं फक्त टोक माझ्या हातात दिलं. दोराच्या मध्ये लोकरीचा जाड, लाल-पांढरा-निळा भाग असतो, त्याला सॅली म्हणतात. ती त्यांनी स्वतःकडे ठेवली. त्या सॅली ओढणार, मी टोक. टोकाची ओढ म्हणजे बॅकस्ट्रोक, सॅलीची म्हणजे हँडस्ट्रोक. तीन आठवड्यांनी दोन्ही माझ्याकडे आले आणि खरी पंचाईत सुरू झाली, कारण सॅली ओढून झाली की ती सोडायची असते, आणि लगेच. हात मात्र घट्ट धरून बसतात. लहानपणी विहिरीवर बादली ओढलेल्या माणसाला दोर सोड म्हणणं सोपं नाही. "ओढू नकोस गं, घंटा स्वतःच फिरते, तू फक्त तिला आठवण करून दे," बाई दर पाच मिनिटांनी म्हणायच्या.

मार्चमध्ये मी स्टे मोडला. घंटा तोंड वर करून उभी राहताना पलीकडे कोलमडू नये म्हणून वर एक लाकडी दांडा असतो, बहुतेक ॲश झाडाचा. जोर जास्त झाला की तो मोडतो, आणि मोडण्यासाठीच तो असतो, म्हणजे बाकीचं सामान वाचतं. वरून कडाड आवाज आला, दोर सापासारखा छताकडे पळायला लागला आणि पाचजण एकदम ओरडले, "सोड!" या वेळी मात्र सोडला. अर्ध्या तासात नवा दांडा बसला. कुणी रागावलं नाही. उलट प्रत्येकाने आपण मोडलेल्या स्टेची गोष्ट सांगितली, आणि माझा तुकडा मला घरी न्यायला दिला. सध्या तो स्वयंपाकघराचं दार अडवायला आहे.

६ मेला राज्याभिषेकाच्या सकाळी मी राउंड्स वाजवले: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, बारीक आवाजापासून जाड आवाजापर्यंत, पुन्हा पुन्हा. बाबांना पुण्याला रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांचं उत्तर: "छान. पण यात गाणं कुठलं?"

गाणं नसतंच. एवढं वजन गोल फिरत असताना हवी तेव्हा हवी ती घंटा वाजवता येत नाही. तोलावर किंचित जास्त थांबवायची नाहीतर थोडी आधी सोडायची, एवढंच हातात. म्हणून प्रत्येक ओळीत, म्हणजे सगळ्या घंटा एकेकदा वाजण्याच्या प्रत्येक फेरीत, घंटा फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकते. इंग्लंडातल्या लोकांनी सतराव्या शतकात त्या अडचणीचाच खेळ केला: एकही ओळ पुन्हा न येता क्रम बदलत जायचे. पाच घंटांचे १२० क्रम, सहांचे ७२०, आठांचे ४०,३२०. हे आठांचे सगळे क्रम १९६३ मध्ये लफबरोच्या घंटांच्या कारखान्यात न थांबता वाजवले गेले, जवळजवळ अठरा तास. माणसं तीच, बदली नाही. बाबांना हे कळवलं तर म्हणाले, "मग हे गणित आहे, देवाचं काय त्यात?"

मला मात्र त्यात ताल सापडला. दर दोन ओळी झाल्या की एका ठोक्याएवढी जागा मोकळी सोडतात. बाकीच्या नवशिक्यांना ती सांगूनही ऐकू येत नव्हती. मला कुणी न सांगता कळली, कारण शाळेत चार वर्षं तबला केला होता. बारा ठोके, एक मोकळा, की पुन्हा सम.

प्लेन हंट नावाच्या साध्या रचनेत ट्रेबल पहिल्या जागेवरून एकेक करत पाचव्या जागेवर जाते, तिथे दोनदा वाजते, तशीच परत येते. सहावी घंटा कायम शेवटी. क्रम असे: १२३४५, २१४३५, २४१५३, ४२५१३... म्हणजे मी आधी दोनच्या मागे वाजायचं, मग चारच्या, मग पाचच्या, मग तीनच्या, पुन्हा दोनच्या. बसमध्ये पाढ्यासारखं पाठ केलं, दोन-चार-पाच-तीन, दोन-चार-पाच-तीन. गुरुवारी तिसऱ्याच ओळीला चुकले. बाई म्हणाल्या, पाठ करू नकोस, दोर बघ. पाच दोर खाली येताहेत, त्यातला माझ्या अगदी आधी येणारा कुठला ते नजरेनं टिपायचं. महिनाभर मला नुसती हलणारी लोकर दिसली. सप्टेंबरात एकदा अचानक दिसलं, आणि दिसल्याच्या आनंदात मी वाजवायचीच विसरले.

मध्यंतरी आमचा चमू लफबरोचा तोच टेलरचा कारखाना बघायला गेला. घंटा ओतल्यावर आतून कातून तिचा सूर लावतात. तिथे बोलता बोलता कळलं, पुण्यात पंचहौदच्या चर्चमध्ये टेलरच्याच आठ घंटा आहेत. पंचहौद म्हटलं की मला १८९० चा तो चहा आणि टिळक-रानड्यांचं प्रायश्चित्त एवढंच आठवायचं. त्या मनोऱ्याखालून मी दहा वर्षं सायकलने शाळेत गेले, मान वर करून कधी पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात माझा पहिला क्वार्टर पील ठरला: १,२६० क्रम, साधारण पाऊण तास. मध्ये थांबायचं नाही, चुकून क्रम विसकटला तर सगळंच रद्द. छत्तिसाव्या मिनिटाला माझ्या चष्म्यावर घाम आला, मी चारऐवजी तीनच्या मागे गेले, तीनवाला गोंधळला आणि वाजवता वाजवता सूचना देणाऱ्या कंडक्टरने "स्टँड" म्हटलं. सहाही घंटा उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं नाही. मग बाईंनी दोर गुंडाळत विचारलं, "पुढच्या शनिवारी तीन वाजता जमेल? आणि चष्म्याला दोरी बांध."