उपरण्याखालचा भाव, एसेनच्या मेळ्यात

जर्मनीतल्या एसेनच्या 'श्पील' मेळ्याला आपला बोर्डगेम घेऊन जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो स्टॉलचा. भाडं किती, खेळाचे डबे किती छापायचे, न्यायचे कसे. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला स्टॉल घेऊच नका. प्रोटोटाइप, म्हणजे खेळाचा कच्चा नमुना, घ्या, प्रकाशकांच्या भेटी घरूनच ठरवून निघा आणि रोज थोडा वेळ कुणाच्या तरी टेबलावर डाव मांडायची सोय बघा. मी आणि माझा भिडू, आम्ही दोघं पुण्याहून तसंच गेलो. त्या अनुभवावरून हे लिहितोय.

मेळ्याचा आवाका आधी सांगतो. १९८३ साली छोट्या प्रमाणावर सुरू झालेला हा मेळा आता दर ऑक्टोबरमध्ये गुरुवार ते रविवार भरतो आणि 'मेसे एसेन' हे अख्खं प्रदर्शन संकुल व्यापतो. २०२४ मध्ये दोन लाखांहून जास्त माणसं आली होती. इथे फक्त व्यापारी येत नाहीत. सामान्य माणूस तिकीट काढून येतो, टेबलावर बसतो, खेळतो, आवडला तर डबा विकत घेऊन ट्रॉलीत टाकतो. या ट्रॉल्यांपासून पायाची बोटं सांभाळा. दालनं खेळांच्या प्रकारानुसार लावलेली असतात, त्यामुळे आपल्या जातीचा खेळ कुठे बसतो हे नकाशावर आधीच पाहून ठेवता येतं. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर मेळ्याआधी नव्या खेळांची यादी येते. ती चाळली की कोण काय काढतंय आणि आपल्यासारखं काही आधीच आलंय का, दोन्ही कळतं.

आता आमचा खेळ. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली हात घालतो, समोरच्याची बोटं दाबतो आणि भाव ठरतो; भोवतीच्यांना काही कळत नाही. आमचा लिलाव तसाच. ज्याच्यावर दलालाचं राज्य, तो एक हात उपरण्याखाली ठेवतो. बाकीचे आपापली बोली म्हणून लाकडी ठोकळे त्याच्या हातात सरकवतात. गोल म्हणजे शंभर, चौकोनी म्हणजे पाचशे, कड कापलेला म्हणजे नुसती हूल. दलालाने चाचपून ओळखायचं आणि तोंडाने मोठ्यांदा भाव सांगायचा. खरा किंवा खोटा.

एका ओळखीच्या छोट्या प्रकाशकाच्या स्टॉलवर सकाळी आम्हाला एक टेबल मिळायचं. (अशी सोय करताना आयोजकांचे सहप्रदर्शकांबाबतचे नियम यजमानाला विचारून घ्या. परस्पर जाऊन बसू नका.) टेबलावर आम्ही डबाही ठेवला नाही की पटही मांडला नाही. एक पांढरं उपरणं पसरलं, बस. रंगीत डब्यांच्या त्या समुद्रात माणसं थांबायची ती या कोऱ्या कापडापाशी. खाली काय आहे, हा प्रश्न आला की अर्धं काम झालं. बाराएक वर्षांचा एक मुलगा आईबरोबर बसला. पहिलंच राज्य त्याच्यावर आलं. आईने ठोकळा सरकवला, त्याने अंगठ्याने कड दोनदा तपासली आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता "पाचशे" म्हणून सांगितलं. हातात हूल होती. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी घाबरून बोली वाढवली आणि बैल त्यांच्या गळ्यात पडला. आईला मात्र आपण काय दिलंय हे पक्कं ठाऊक होतं. ती हसू दाबत आमच्याकडे बघत राहिली. असं खरंच करतात का, हा प्रश्न त्यानंतर आलाच. त्यासाठी फोनमध्ये बाजाराचा छोटा व्हिडिओ तयार होता.

डेमोचं तंत्र एवढंच की नियम वाचून दाखवायचे नाहीत. तीन वाक्यांत सांगा, पहिला ठोकळा हातात द्या, बाकीचे नियम अडेल तिथे. पूर्ण डाव खेळवू नका. दोन-तीन लिलाव, दहा मिनिटं, आणि मग हवं तर पुढे. नियमांचं एकपानी जर्मन भाषांतर जर्मन येणाऱ्या माणसाकडून तपासून न्या. तरुणांना इंग्रजी चालतं, पण आजी-आजोबा आणि लहान मुलं जर्मनच वाचतात, आणि कुटुंबाने काय खेळायचं ते बरेचदा तेच ठरवतात. भाकरवडी न्यायचीच असेल तर डाव आटोपल्यावर काढा. तेलकट बोटांनी लाकूड चिकट होतं, आणि आमच्या खेळात तर सगळा कारभार बोटांचाच.

चार दिवस सारखे नसतात. गुरुवारी कसलेले खेळाडू आणि धंद्यातली माणसं असतात. शनिवारी कुटुंबं, शाळकरी पोरं आणि प्रचंड गर्दी, तेव्हा कुणाशी शांतपणे बोलणं होईल ही आशा सोडा. रविवारी संपादक थकलेले असतात, पण एखाद्याकडे अनपेक्षित वेळही निघतो.

खरी लढाई भेटींची. ऑगस्टमध्येच प्रकाशकांना मेल लिहायला घ्या, सप्टेंबर सरता सरता त्यांच्या वेळा भरून जातात. सोबत एकच पान जोडा: टेबलाचा फोटो, खेळाडू किती, वेळ किती, वय काय, आणि या खेळात वेगळं काय ते दोन ओळींत. भेट जेमतेम अर्ध्या तासाची. एका संपादक बाईंनी आम्हाला पाचव्या मिनिटाला थांबवलं. लिलावाचे खेळ आमच्याकडे दोन फळ्या भरून आहेत, यात त्यांच्यात नसलेलं काय? मी बोलत बसलो नाही. त्यांचा हात उपरण्याखाली घेतला आणि ठोकळा ठेवला. पुढची वीस मिनिटं त्याच प्रश्न विचारत होत्या आणि सगळे प्रश्न उत्पादनाचे होते. ठोकळे एकूण किती? कडेचा फरक लहान मुलाच्या बोटाला कळेल का? कापड केवढं, घडी करून डब्यात मावेल का? आपल्या खेळातल्या तुकड्यांची मोजदाद तोंडपाठ असू द्या. खेळाच्या गोडीइतकाच त्यांना डब्याचा खर्च महत्त्वाचा वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

कल्पना चोरीला जाईल म्हणून गुप्ततेचे करार पुढे करू नका, भेट तिथेच संपेल. प्रोटोटाइपच्या मात्र जास्तीच्या प्रती न्या, कारण आवडलं की ते ठेवून घेतात. ठेवून घेताना उत्तर कधी देणार, ती तारीख लिहून घ्या. मेळ्यात कशावरही सही करू नका. मानधन साधारणपणे प्रकाशकाच्या निव्वळ विक्रीच्या पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास ठरतं. टक्क्यांवर घासाघीस करण्यापेक्षा खेळ ठरावीक मुदतीत छापला नाही तर हक्क परत येतील, हे कलम पदरात पाडून घ्या.

डब्यावर रचनाकाराचं नाव असणं आज गृहीत धरलं जातं, पण ते फुकट मिळालेलं नाही. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात तेरा रचनाकारांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या: डब्यावर नाव छापणार नसेल त्या प्रकाशकाला आपण खेळ देणार नाही. पुढे १९९१ मध्ये 'श्पीले-आउटोरेन-त्सुन्फ्ट' ही रचनाकारांची संघटना उभी राहिली. आपल्याकडे सारीपाट कुणी रचला हे कुणाला ठाऊक नाही आणि त्याच्याच वंशातला 'मेन्श एर्गेरे दिश निश्ट' हा सोंगट्यांचा खेळ जर्मन घराघरांत आहे. सोंगट्यांची ओळख सांगितली की तिथली माणसं लगेच आपलीशी होतात, हा आमचा अनुभव.

एवढं वाचूनही डबे विकायचेच असतील तर कागदपत्रांचा डोंगर समजून घ्या. प्रदर्शनापुरता नेऊन परत आणायच्या मालासाठी फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने हा जकात वाचवणारा कागद मिळतो, पण विकायचा माल त्यात बसत नाही. त्याची रीतसर आयात, जकात आणि तिथला व्हॅट आलाच. जर्मनीत ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या वेष्टनासाठी 'लुसिड' या वेष्टन-नोंदवहीत नोंदणी लागते. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या युरोपीय उत्पादन सुरक्षा नियमांनुसार युरोपीय संघातल्या जबाबदार व्यक्तीचं किंवा कंपनीचं नाव-पत्ता मालावर हवा. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचा खेळ असेल तर खेळण्यांचे नियम आणि ते पाळल्याची सीई खूण. शंभर-दोनशे डब्यांसाठी हा व्याप परवडत नाही. तिथल्याच वितरकामार्फत विकणं किंवा आधी पैसे घेऊन युरोपातून पाठवणं बरं.

व्हिसा शेंगेनचा, शुल्क ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि युरोपातल्या उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामार असते, म्हणून जूनमध्येच हालचाल करा. ज्यांच्याबरोबर बसणार त्या प्रकाशकाचं निमंत्रणपत्र जोडा. ड्युसेलडॉर्फला उतरलात तर एसेन रेल्वेने अर्ध्या तासावर, फ्रँकफर्टहून दोनेक तास. मुख्य स्थानकावरून यू-११ भुयारी गाडी थेट मेळ्याच्या दारात सोडते, सकाळी तिच्यात विरार लोकलचा सराव कामाला येतो. एसेनमधली हॉटेलं त्या आठवड्यात आवाक्याबाहेर जातात, आम्ही जवळच्या ड्युईसबुर्ग शहरात राहिलो. रोख युरो खिशात असू द्या, छोट्या स्टॉलांवर कार्ड चालेलच असं नाही. शाकाहारी माणसाला आत मुख्यतः तळलेले बटाटेच मिळतात. दशम्या आणि कोरडी चटणी न्या.

परतल्यावर आठवड्याभरात प्रत्येकाला मेल करा, कोणत्या टेबलावर काय बोलणं झालं त्याची आठवण देऊन. उत्तराला महिने लागतात. आमचा एक प्रोटोटाइप त्या संपादक बाईंकडे आहे आणि मोठ्या कडांचे ठोकळे करून पाठवा, असा त्यांचा निरोप आलाय. दुसऱ्या एका प्रकाशकाने नम्रपणे नकार कळवला. सुतार सध्या कडा तासतोय. जूनमध्ये जर्मनीतल्याच ग्योटिंगेनला रचनाकारांचा मेळावा भरतो. तिथे गर्दी कमी आणि संपादक निवांत, त्यामुळे पुढचा व्हिसा अर्ज बहुधा त्यासाठीच.