सुचत नाही तेव्हा काय करता? तुम्ही विचारलंत म्हणून

मी चित्रं काढते म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो "यात पैसे मिळतात का?" आणि दुसरा "पण काही सुचलंच नाही तर?" क्लासला मुलांना सोडायला आलेले पालक विचारतात, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाई विचारतात, एकदा तर बँकेत केवायसी करणाऱ्या मुलानंही विचारलं. पहिल्या प्रश्नाला मी विषय बदलते. दुसऱ्याला इतकी वर्षं "मग चहा पिते" असं म्हणून हसून मोकळी व्हायचे. पण गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा रात्री साडेअकराला मेसेज आला, आता ती आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, की ताई दोन महिने झाले कागदाला हात लावलेला नाही, तुमचं कधी असं झालंय का. आता तिला काय चहा पी म्हणून सांगू?

तर झालंय. अकरा महिने.

मी कोल्हापुरात राहते, जलरंगात लँडस्केप करते. आठेक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात माझं पंचगंगा घाटाचं चित्र होतं, पहाटेचं, धुकं, ओल्या पायऱ्या, पाण्यात उभी असलेली छोटी देवळं, नेहमीचंच, खरं सांगायचं तर. ते एका हॉटेलवाल्यांना इतकं आवडलं की त्यांनी तशीच चोवीस मागितली, प्रत्येक खोलीत एक. ॲडव्हान्स दिला. मी त्यातून फ्रिज घेतला. (तो अजून चालतोय, चित्रांपेक्षा जास्त टिकला.) पहिली चार चित्रं मजेत झाली, सहाव्याला हात आपोआप चालायला लागला आणि मला वाटलं वा, काय सफाई आली बघा.

नववं चित्र. कागद ताणून बोर्डला चिकटवला, पाण्यानं ओला केला, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सोडला. जलरंगात यानंतरची दोन-तीन मिनिटं महत्त्वाची असतात, ओल्या कागदावरची चकाकी कमी कमी होत जाते आणि ती नेमकी कुठवर उतरली की ब्रश टेकवायचा हे डोळ्याला कळतं. लवकर टेकवला तर रंग पसरून वाहून जातो, उशीर झाला तर फुलकोबीसारखे डाग पडतात. मी ब्रश भरून घेतला आणि बघत बसले. चकाकी उतरली. कागद मॅट झाला. मग पूर्ण वाळला, आणि मी तशीच बसलेले, ब्रशवरचा रंगसुद्धा वाळला. त्या दिवशी वाटलं दमलोय, उद्या करू.

पुढचे महिने मी काय नाही केलं ते विचारा. पॅलेट घासून पांढरीशुभ्र केली, नवे ब्रश मागवले, सातआठशे रुपयांना एक शीट असा बाहेरचा कागद आणला, लोकांचे डेमो व्हिडिओ बघून बघून डोळे लाल केले. क्लास चालूच होता, तिथं मुलांच्या चित्रात मी बिनदिक्कत झाडं काढून द्यायचे. घरी आलं की बंद. झोप-जेवण व्यवस्थित होतं म्हणून मी फार घाबरले नाही, तेही गेलं असतं तर ते चित्राचं दुखणं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं, तेवढं त्या मेसेजवाल्या विद्यार्थिनीला आधी लिहिलं.

लोकांना वाटतं ब्लॉक म्हणजे डोकं रिकामं. माझं उलट होतं, डोक्यात गर्दी होती. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जावं, पाण्यावर केशरी पट्टा पडलेला असावा, आणि मला ते चित्र तयारच दिसायचं, माउंट करून, काचेत, खाली हॉटेलचा पलंग आणि पलंगावर हंसाच्या आकारात घडी घातलेला टॉवेल. संपलंच की मग. जे पूर्ण झालेलं दिसतंय ते परत कशाला काढायचं?

यातून मला कुणा मोठ्या कलावंतानं नाही, एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी बाहेर काढलं, तेही त्यांच्या नकळत. कोल्हापुरात पेंटर हे आडनावासारखं लावतात हे तुम्हाला माहीत असेलच, बाबूराव पेंटरांपासून चालत आलेलं आहे. मी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत माझं अक्षरलेखन कच्चं होतं, वस्तुचित्र, स्मरणचित्र सगळं बरं पण अक्षरं म्हणजे मुंग्या, म्हणून आईनं मला सुट्टीत या काकांच्या दुकानात बसवलं होतं. त्यांच्याकडे कितीतरी वर्षांनी असंच गेले. फ्लेक्स आल्यापासून दुकानांचे बोर्ड जवळपास बंदच झालेत, तेव्हा त्यांच्याकडे गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि देवळांतल्या देणगीदारांच्या याद्या एवढंच यायचं.

मी त्यांना म्हटलं, काका, सुचतच नाही हो काही.

ते रॉकेलमध्ये ब्रश धूत होते. म्हणाले, "सुचायचं काय हाय त्यात? शनवारी कलशारोहण हाय. बस, त्या अक्षरात रंग भर."

बसले. पत्र्यावर त्यांनी खडूची दोरी मारून ओळी पाडल्या होत्या, खडूनं अक्षरं आखली होती, मी आत रंग भरायचा. चार दिवस गेले असेन मी. एकशेचाळीसच्या वर नावं होती आणि जवळपास प्रत्येकाच्या आधी श्री. किंवा सौ. चपट्या ब्रशनं श्रीचं वळण एका दमात न्यावं लागतं, मधे थांबलात की जोड दिसतो, म्हणून श्वास धरायचा, वळण संपलं की सोडायचा. साठसत्तर श्रींनंतर माझ्या डोक्यात काहीच उरलं नाही. ना फ्रेम, ना पलंग, ना हंस. तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी "माळी" आडनाव भरताना मला ळ च्या दोन पोटांतल्या मोकळ्या जागा दिसल्या, अक्षर नाही, फक्त त्या दोन जागा, एक जराशी मोठी, एक जराशी दबलेली, आणि मला त्या इतक्या आवडल्या की मी भरता भरता थांबले. काका ओरडले, "वाळतंय की ते!"

मी घरी येऊन ळ काढला. कागद कुठला, तर क्लासच्या जुन्या हजेरीच्या प्रिंटा, पाठकोऱ्या. आमच्या घरात पाठकोरा कागद टाकायचा नाही हा आईचा नियम, त्यामुळे गठ्ठाच होता. मग ओट्यावरचा कुकर काढला. मग चिमटा.

आणि इथं मला माझ्यापुरतं उत्तर सापडलं, तुमचं वेगळं असू शकतं. आठशे रुपयांच्या शीटवर पहिली रेघ मारायच्या आधीच हिशोब सुरू होतो. पाठकोरा कागद आधीच वाया गेलेला असतो, त्याच्यावर तुम्ही अजून काय वाया घालवणार? शिवाय साध्या झेरॉक्सच्या कागदावर जलरंग लावला की त्याची सुरळी होते, म्हणजे त्यावर "चित्र" होऊच शकत नाही, विकणं तर लांबच. मग हात जरा सैल सुटतो. मी रोज सकाळी चहाच्या आधी ओट्यावर जे असेल ते काढायचे, आणि कागद पालथा घालून ठेवायचा, परत बघायचा नाही, एवढाच नियम. हा पालथा घालायचा भाग सगळ्यात अवघड आहे हं. आपल्याला लगेच वळून बघायची, फोटो काढायची इतकी सवय झालीय.

दीड महिन्यानं गठ्ठा सुलटा केला. बहुतेक वाईटच होती, उगाच खोटं कशाला सांगू. कुकरची तीन-चार बरी होती.

मग जुलै लागला. जलरंगवाल्यांचा शत्रू, हवा इतकी दमट की वॉश वाळतच नाही, हेअर ड्रायर घेऊन बसावं लागतं. मी चित्र करायचंच नाही असं ठरवून नुसते राखाडी रंग बनवायला लागले. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, दोनच. निळा जास्त झाला की ढग, तपकिरी जास्त झाला की चिखल, आणि मधे कुठंतरी समोरच्या घराचा भिजलेला पत्रा. एका ठिपक्यापाशी मी अडकले, कारण तो खरंच समोरचा पत्रा होता. खिडकीतून बघितलं, परत ठिपक्याकडे बघितलं. अकरा महिन्यांनी काढलेलं पहिलं चित्र ते, पत्र्याचं. कोणी विकत घेतलं नाही, माझ्या स्वयंपाकघरात आहे.

यानंतर मी आमच्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान यांच्याकडे नव्यानं बघायला लागले. मुंबईच्या जे.जे. कला शाळेत शिकून ते कोल्हापुरात परतले, कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तेच तळं, तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. मीही तोच घाट पुन्हा पुन्हा रंगवला आणि माझा हात बंद पडला, मग त्यांचा का नाही? मला वाटतं ते दरवेळी तळं काढत होते आणि मी दरवेळी माझंच पहिलं चित्र काढत होते. १९२२ साली शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात सोडून दिली असं इथं सांगतात. माझ्याच्यानं एक कुकर फाडवत नाही.

आणि हो, न काढणं म्हणजे ब्लॉकच असं नाही. अमूर्त चित्रं करणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाचसहा चित्रं करायचे, बाकी वेळ बसून राहायचे, त्याला कोणी ब्लॉक म्हणेल का? १९८४च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांचे मोठे कॅनव्हास बंद झाले, तेव्हा त्यांनी छोट्या कागदांवर शाईनं कामं केली. म्हणजे हाताशी काहीतरी लहान ठेवलंच होतं. माझ्या हजेरीच्या कागदांची त्यांच्याशी तुलना करतेय असं समजू नका, पण वाचलं तेव्हा बरं वाटलं.

हॉटेलवाल्यांचं काय झालं हे विचारणार असाल तर, आठ चित्रांचे पैसे वळते करून उरलेला ॲडव्हान्स मी पाच हप्त्यांत परत केला. ते काही चिडले नाहीत. पहिल्या चित्राचे प्रिंट काढू का म्हणून विचारलं, त्याचे वेगळे पैसे दिले आणि उरलेल्या खोल्यांत तेच लावलं. हे आधीच सुचलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं.

ती मुलगी मागच्या रविवारी आली. मी तिला येताना पाठकोरे कागद आण म्हणून बजावलं होतं. तिनं बॅगेतून कोरं करकरीत, जाड पुठ्ठ्याचं, रिबीनवालं नवीन स्केचबुक काढलं. मी ते घेऊन कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, आणि तिला गेल्या दोन वर्षांची लाइट बिलं दिली.