खोडलेल्या नोंदी

नऊ वर्षांनी फॉक्सप्रोची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरची, कमांड विंडो उघडली आणि बोटांनी स्वतःच टाइप केलं: यूज, टेबलाचं नाव, ब्राउझ. मधली सगळी वर्षं मी वेबवर काम केलं होतं. आता जुन्या ऑफिसनं आठवडाभरासाठी बोलावलं, कारण स्टॉकची बेरीज स्क्रीनवर एक आणि छापील रिपोर्टात दुसरीच येत होती. प्रोग्राम मूळचा माझा.

मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्येच पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये नवव्या आवृत्तीचा सपोर्टही बंद केला. तरी इथे रोजचा माल त्यावरच चढतो-उतरतो. नवी सिस्टिम आणायच्या बैठका मी असतानाही चालू होत्या, अजूनही चालू आहेत. जुनी सांभाळणाऱ्याला मात्र कुणी दोन तास बसून शिकवत नाही. याची मला खरंच चीड येते.

फॉक्सप्रोत डिलीट केलं की नोंद जात नाही, तिच्यावर फक्त खूण पडते. ब्राउझमध्ये, म्हणजे टेबलातल्या नोंदी बघताना, डावीकडे काळा चौकोन दिसतो. 'सेट डिलीटेड ऑन' असेल तर अशा नोंदी बेरजेत येत नाहीत. मी ती ओळ मुख्य प्रोग्रामच्या सुरुवातीला, एकदाच लिहिली होती. स्क्रीनवरची बेरीज जास्त होती, आणि फरक रद्द केलेल्या पावत्यांइतकाच होता.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "मग पॅक मारा ना, फालतू रेकॉर्ड निघून जातील." बेरीज त्या क्षणी जुळली असती. पण पॅकनं त्या नोंदी कायमच्या गेल्या असत्या, आणि कोणती पावती रद्द झाली याचा तेवढाच पुरावा होता. मी नाही म्हटलं. आधी पूर्ण फोल्डरची कॉपी घेतली.

मग जुनी युक्ती आठवली. फॉक्सप्रोचा फॉर्म, म्हणजे वापरणाऱ्यासमोर येणारी स्क्रीन, हेसुद्धा एक टेबलच असतं. फॉर्मची एससीएक्स फाइल टेबलासारखी यूज करून प्रॉपर्टीजचं मेमो फील्ड, म्हणजे लांब मजकुराचा रकाना, उघडलं, तर तिथे डेटासेशन २. म्हणजे प्रायव्हेट: त्या फॉर्मची उघडलेली टेबलं आणि सेटिंग्ज बाकीच्यांपासून वेगळी. प्रायव्हेट सेशन सुरू झालं की 'सेट डिलीटेड' पुन्हा मूळच्या ऑफवर जातं. मुख्य प्रोग्रामातली माझी ओळ तिथे पोचतच नाही.

बदल तिथल्या नव्या मुलीनं केला होता. दोन फॉर्म एकदम उघडले की एकाचा रेकॉर्ड पॉइंटर, म्हणजे तो कोणत्या नोंदीवर उभा आहे ती जागा, दुसरा हलवत होता, तो त्रास तिनं प्रायव्हेट सेशन देऊन थांबवला. अगदी बरोबर उपाय. "मॅडम, हे कुठे लिहिलेलं होतं का?" तिनं विचारलं. नव्हतं. सगळे फॉर्म कायम डीफॉल्ट, म्हणजे सामायिक सेशनमध्येच चालतील हे मी गृहीत धरलं होतं आणि एका ओळीचीही टीप ठेवली नव्हती. तिच्यावर चार दिवस ओरडा बसला तो माझ्यामुळे. मॅनेजरसाहेबांना मी तसं सांगितलं. ते तोवर दुसऱ्या फोनवर होते.

फॉर्म उघडताना चालणाऱ्या लोडमध्ये 'सेट डिलीटेड ऑन' लिहिलं, वर कारणासकट टीप टाकली. बेरीज जुळली. पण ज्या महिन्यांत ती जुळत नव्हती, तेव्हा स्क्रीनवरचा आकडा बघून किती माल मागवला गेला असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. बाकीचे फॉर्म तपासायला मी आणखी दोन दिवस मागितलेत. अजून उत्तर आलेलं नाही.