राजगडाचा गोल फोटो आणि आईचा जुना फोन

बालेकिल्ल्यावर चंद्रतळ्याजवळ उभं राहून मी पहिला 360 अंशांचा फोटो काढला तो 2011 साली. तेव्हा असे फोटो वेबवर दाखवायचे म्हणजे ब्राउझरमधलं फ्लॅश हे प्लगिनच. मीही फ्लॅशची एक एसडब्ल्यूएफ फाईल बनवली, साइटवर चढवली आणि हार्ड डिस्कवर जागा हवी म्हणून अनेक फोटो जोडून केलेला मूळ फोटो पुसून टाकला. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश अधिकृतपणे बंद झालं आणि माझ्या राजगडाच्या जागी एक राखाडी चौकोन उरला. नंतर ती फाईल फोडून आतली चित्रं काढली. घनाच्या सहा बाजू, जेमतेम हजार-हजार पिक्सेलच्या. त्यात तोरणा ओळखू येतो, पण त्याच्या झुंजार माचीचा तट शोधूनही सापडत नाही.

ती हळहळ अजून जात नाही. त्यामुळे या हिवाळ्यात पुन्हा गुंजवण्याहून चढून नवा फोटो आणला, तेव्हा पहिली अट हीच घातली की व्ह्यूअर (फोटो फिरवून दाखवणारा प्रोग्रॅम) उद्या मेला तरी फोटो जगला पाहिजे. असे फोटो दाखवणारं 1995 चं क्विकटाइम व्हीआर, मग जावा अ‍ॅपलेट, मग फ्लॅश. यातलं एकही आज ब्राउझरमध्ये चालत नाही. साधी जेपेग मात्र तेव्हाही उघडत होती, आजही उघडते. म्हणून हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ फोटो (सभोवार सहा, एक आकाश, एक पायाखालची जमीन) जोडून 12000 बाय 6000 ची एक इक्विरेक्टँग्युलर (जगाच्या नकाशासारखी, सगळा गोल सपाट उलगडलेली) फाईल केली आणि तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. रुंदी उंचीच्या दुप्पट असलेला हा आकार जवळपास प्रत्येक व्ह्यूअरला कळतो.

मग व्ह्यूअर. ए-फ्रेम या वेबवर त्रिमितीय दृश्यं दाखवणाऱ्या लायब्ररीत एका टॅगात फोटोचं सभोवार आकाश उभं राहतं. ते मी पहिल्याच संध्याकाळी केलं. लॅपटॉपवर सुरेख दिसलं, म्हणून लिंक आईला पाठवली. तिचा फोन जुना, साधा. तिने फोन माझ्यापुढे धरला: "काळंच दिसतंय रे." खरंच, अख्खा पडदा काळा.

कारण कळलं तेव्हा पटलं. जेपेग दहा-बारा एमबीची असली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. 12000 गुणिले 6000 गुणिले 4, म्हणजे 288 एमबी, तेही एका फोटोसाठी. शिवाय वेबजीएलमध्ये (ब्राउझरची त्रिमितीय चित्रं काढायची यंत्रणा) एका टेक्स्चरच्या, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या चित्राच्या, रुंदीला मर्यादा असते आणि जुन्या फोनमध्ये ती बरेचदा 4096 पिक्सेल. माझा फोटो तिच्या जवळपास तिप्पट रुंद. सरळ 4096 वर आणला असता, तर पुन्हा 2011 सारखाच पुसट तोरणा हाती आला असता.

उपाय म्हणजे फोटोचे तुकडे. पॅनेलम या मुक्त व्ह्यूअरसोबत एक पायथन स्क्रिप्ट मिळते. ती हगिनचीच नोना ही आज्ञावली वापरून फोटोचा सहा बाजूंचा घन करते आणि प्रत्येक बाजूचे 512 पिक्सेलचे तुकडे पाडते, बारकाव्याच्या चार पातळ्यांवर. माझ्या फोटोचे 510 तुकडे झाले. फोन फक्त समोर दिसतं तेवढंच मागवतो. झूम केलं की त्या भागाचे बारीक तुकडे येतात. केआरपॅनो हे दुसरं सॉफ्टवेअरही हे उत्तम करतं, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. मला माझ्या सर्व्हरवर नुसत्या फाईली टाकून मोकळं व्हायचं होतं.

दोन गोष्टींत वेळ गेला. फाईल नुसती दोनदा क्लिक करून उघडली तर ब्राउझर तुकडे उचलू देत नाही, घरीही छोटा सर्व्हर चालवावा लागतो. आणि आयफोन फिरवला की दृश्यही फिरावं, यासाठी आयओएस 13 पासून परवानगी मागावी लागते, तीही एचटीटीपीएसवरच.

फोटो आपोआप उतरवणारं ऑटोलोड मुद्दाम बंद ठेवलंय. गडाखाली रेंज एकेका दांडीची असते, तिथे कुणाचा डेटा न विचारता का खावा? इंग्रजी बटणाच्या जागी 'पाहायला इथे दाबा' लिहिलं. फोटोच्या मध्यावर उत्तर दिशा ठेवली, त्यामुळे दृश्यावर पाट्या लावणं सोपं गेलं: पूर्वेला अधिक 90 अंशांवर सुवेळा माची, पश्चिम-वायव्येला उणे 60 च्या आसपास तोरणा.

रविवारी आईने पुन्हा लिंक उघडली. आधी धुरकट तोरणा आला, मग एकेक चौकोन स्वच्छ होत गेला. लग्नाआधी ती पाली दरवाजाच्या वाटेने गडावर गेली होती. आता गुडघे साथ देत नाहीत. दोन बोटांनी झूम करत ती बराच वेळ झुंजार माचीचा तट बघत राहिली. मग बोटाने दृश्य पूर्वेकडे ओढलं.

"सुवेळा माची दिसतेय, पण नेढं कुठंय?"

"खडकातलं ते आरपार भोक इथून नाही दिसत, आई. त्यासाठी माचीवर जावं लागतं."

"मग जा की."

पॅनेलममध्ये एका फोटोतून दुसऱ्यात जाता येतं, त्यामुळे सुवेळ्याच्या पाटीवर बोट ठेवलं की ती थेट माचीवर पोचेल. ट्रायपॉड दाराशीच आहे. पुढच्या शनिवारी पहाटे निघतोय.